मुंबईत घर परवडत नाही, याला वाढती लोकसंख्या जबाबदार की राजकारण?

तुमचा प्रश्न असा, की मुंबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला घर परवडत नाही ते बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांमुळे की राज्यकर्त्यांमुळे. शिवाय जाता जाता विचारलंय, की वय ३१, नवरा-बायको दोघंही कमावतात, तर आता घर घ्यावं की भाड्याने राहावं. दुसऱ्या भागाचं शेवटी बघू. पहिल्या भागावर मी दर भाऊबीजेला माझ्या थोरल्या भावाशी भांडते, तीस वर्षं झाली, म्हणून लिहायला बसले.

लोकसंख्येचं म्हणाल तर आमच्या खोलीचीच सांगते. गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. दहा बाय बारा, पुढे गॅलरी, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. संडास मजल्याच्या टोकाला, बावीस बिऱ्हाडांत चार. १९७२ साली या खोलीत आम्ही नऊ माणसं राहत होतो: आजी, आई-बाबा, दादा, मी, धाकटी, लग्न न झालेला काका आणि गावाहून शिकायला आलेले आत्याचे दोन मुलगे. रात्री काका आणि ते दोघं गॅलरीत, दादा पोटमाळ्यावर, आजी मोरीच्या कठड्याला डोकं लावून, कारण पहाटे चारला पाणी आलं की नळ सोडायचं काम तिचं. भाडं महिना तेवीस रुपये. ते न्यायला घरमालकाचे मेहताजी यायचे, दारातच उभे राहून पावती फाडायचे आणि चहाला नाही म्हणायचे.

१९९४ साली ती खोली विकली गेली. घेतली ती बटणं आणि लेस विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने. राहायला नाही, माल ठेवायला. पुढे वीसेक वर्षं तिथे छतापर्यंत खोके होते. मग वाडी पाडून टॉवर झाला. टॉवरचे खालचे सात मजले पार्किंगचे, म्हणजे आमचा दुसरा मजला होता त्या उंचीवर आता कोणाची तरी गाडी झोपते. नऊ माणसं, मग खोके, मग गाडी. त्या एवढ्याशा जागेतली लोकसंख्या नऊवरून शून्यावर आली आणि किंमत कुठल्या कुठे गेली.

आता हे आमच्याच खोलीचं नशीब, असं म्हणाल तर जनगणना उघडा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग: १९७१ साली सुमारे ३१ लाख. २००१ साली ३३ लाख ३८ हजार. २०११ साली पुन्हा ३० लाख ८५ हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली, आणि त्याच दहा वर्षांत तिथे जागांचे भाव काय झाले ते तुम्ही कोणालाही विचारा. बरं, उपनगरं धरून बघू. बृहन्मुंबईत १९९१ ते २००१ मध्ये जवळजवळ साडेवीस लाख माणसं वाढली, आणि त्याच दशकाच्या मध्यानंतर भाव पडले. १९९५ च्या तेजीत फ्लॅट घेतलेल्यांनी पुढची कितीतरी वर्षं कपाळाला हात लावला होता. मी बँकेत कर्ज विभागात होते, ते चेहरे मी समोर बसवून पाहिलेत. पुढच्या दशकात वाढली फक्त पावणेपाच लाखांच्या आत, आणि भाव भडकले. लोंढ्यामुळे भाव वाढतो तर हे उलटं कसं झालं, याचं उत्तर दादाने मला आजवर दिलेलं नाही. तो विषय बदलून करंजी चांगली झालीय म्हणतो.

माणसं गेली कुठे? ठाणे जिल्ह्यात. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८१ लाख होती, २०११ साली १ कोटी १० लाख. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई-विरार. त्यात आम्ही आहोत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचं जे कोणी छातीठोक सांगतात ते अंदाजाने सांगतात.

आणखी एक. त्या नऊ माणसांचं पुढे काय झालं? काकाने लग्न केलं, आत्याचे मुलगे स्वतंत्र झाले, आम्ही भावंडं पांगलो. आज आम्हा सगळ्यांची आणि मुलाबाळांची मिळून सात घरं आहेत. माणसं दुपटीच्या आसपास झाली असतील, घरं मात्र एकाची सात झाली. यात एकही बाहेरचा माणूस नाही. आम्हीच वेगळे झालो. सासू-सुनेचं पटेना की एक फ्लॅटची मागणी वाढते, हे कुठल्याही पक्षाच्या भाषणात येत नाही. आणि बाहेरचे म्हणायचे तर आमचे आजोबा राजापूर तालुक्यातून बोटीने आले होते, ते काय मुंबईत उगवले होते?

आता विक्रीचं सांगते, कारण खरं भांडण तिथलं आहे.

बाबा १९९३ च्या पावसाळ्यात गेले. खोली पागडीची. पागडी म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेली भाड्याची जागा; तुम्ही मालक नसता आणि नुसते भाडेकरूही नसता. पावती ज्याच्या नावावर त्याची खोली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारला, की त्या वेळी त्याच्याबरोबर त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क मिळतो. मी १९८७ साली लग्न होऊन डोंबिवलीला आलेली, धाकटी नाशकात. म्हणजे आम्ही दोघी कायद्यानेच बाहेर. पावती दादाच्या नावाने झाली. पुढच्याच वर्षी तो म्हणाला, विकतो. साडेपाच लाख येतायत.

घरमालकाच्या पेढीवर गेलो. गादी, तक्क्या, भिंतीवर लक्ष्मीचा फोटो, आणि आई दाराशी लाकडी खुर्चीवर पदर घट्ट धरून. व्यापाऱ्याने कापडी पिशवीतून गड्ड्या काढल्या. पागडी घेणं तेव्हा कायद्याने गुन्हा होता, ती मान्य झाली १९९९ च्या कायद्याने, तरी सगळी मुंबई त्यावर चालायची. प्रथा अशी, की तिसरा हिस्सा घरमालकाचा. एक लाख त्र्याऐंशी हजार त्याने मोजून बाजूला सारले, काहीही न करता. छप्पर गळत होतं तेव्हा तो फिरकला नव्हता. उरलेल्यातून दादाने बदलापूरला वन रूम किचन घेतलं दोन लाख तीस हजारांना. आम्हा तिघींची, म्हणजे आई, मी आणि धाकटी, स्टॅम्प पेपरवर ना हरकत घेतली. मी सही केली. का केली, हे मला नवऱ्याने आजवर शंभर वेळा विचारलंय.

महत्त्वाचं असं, की मराठी गिऱ्हाईक आलं होतं. दादा सगळ्यांना सांगतो, 'आपलं माणूस कोणी पुढे आलंच नाही.' खोटं आहे. तळमजल्यावरचे एक पोस्टमन होते, त्यांना मुलाच्या लग्नासाठी वरची खोली हवी होती. साडेचार लाख द्यायला तयार होते, दोन लाख लगेच, बाकी तीन वर्षांत. दादा म्हणाला, 'खोली काय शिलाई मशीन आहे हप्त्याने विकायला?' त्याच दादाने मग बदलापूरच्या गाडीत दाराला लटकत लोंढ्यांना शिव्या घालायला सुरुवात केली. मोर्चाला गेला, स्टिकर लावले, मुलाला परीक्षेला बसताना सांगितलं की तुझी जागा भय्या खाणार. गिरगावातली मराठी जागा ज्याने खाल्ली तो बटणवाला होता आणि ताट वाढलं होतं दादाने.

आता राजकारण. माझं मत स्पष्ट आहे: घर महाग केलं ते सगळ्या रंगांच्या सरकारांनी मिळून केलं, आणि आपल्याला डोकी मोजायला बसवलं.

भाडं १९४० च्या पातळीवर गोठवलं तो कायदा तात्पुरता होता, युद्धानंतरच्या टंचाईपुरता. मुदतवाढी देत देत अर्धं शतक ओढला, कारण भाडेकरू म्हणजे मतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे गोठवणं अवाजवी असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे नवा कायदा आला, तोही वर्षाला चार टक्के वाढीचा. तेवीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपयाही होत नाही. गोठलेल्या भाड्यामुळे मालकाने दुरुस्ती तर केव्हाच सोडली होती, कोणी भाड्यासाठी नवी इमारत बांधेना. म्हणून १९६९ सालीच दुरुस्ती मंडळ काढून जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि डागडुजी सरकारने अंगावर घेतली. १९७६ ला जमीन कमाल धारणेचा कायदा आला, मुंबईत ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकारने घेऊन गरिबांची घरं बांधायची म्हणून. जमीन फारशी हाती आली नाही, सवलतीच्या फायली मात्र मंत्रालयात भरपूर हलल्या. २००७ मध्ये तो रद्द केला, म्हणाले आता घरं स्वस्त होतील. झाली का?

गिरण्यांचं तर उघड आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ साली नियम बदलला, की वाटे करायचे ते फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे, उभ्या बांधकामाखालची जमीन त्यात नाही. गिरणी म्हणजे तर सगळी शेडच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. लालबाग-परळला जे उभं राहिलं ते तुम्ही रोज फ्लायओव्हरवरून बघत असाल. गिरणी कामगारांना आता बदलापूरच्याही पलीकडे, शेलू-वांगणीला घर देऊ म्हणतात. संप १९८२ चा. तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे, तो शेलूला जाऊन काय करणार?

आणि १९९५ ची ती घोषणा, ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं. म्हणजे ८ लाख घरं. तीस वर्षांत निम्मीसुद्धा झालेली नाहीत. त्या निमित्ताने बिल्डरला विक्रीचं बांधकाम मिळालं, आणि झोपडी कधीपर्यंतची हवी ती पात्रतेची तारीख १९९५ ची २००० झाली, मग सशुल्क म्हणून २०११. झोपडीवाला पात्र, चाळीतला भाडेकरू पात्र. बारा तास ड्युटी करून भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून यातल्या कशालाच पात्र नाही. तुम्ही त्यात येता.

मतदारसंघांचं बघा. २००१ च्या जनगणनेवर पुनर्रचना झाली. आधी शहरात १७ आणि उपनगरात १७ आमदार होते, ते १० आणि २६ झाले. ऑपेरा हाउस नावाचा मतदारसंघच गेला. म्हणजे शहराच्या मानाने उपनगरं फुगली हे सरकारला आकड्यानिशी माहीत होतं, जागा वाटताना ते बरोबर मोजलं, आणि सभेत मात्र लोंढे, लोंढे. घर महाग राहणं यांना परवडतं. मुद्रांक शुल्क राज्याला, बांधकामाचे प्रीमियम पालिकेला. कोविडच्या वर्षी शुल्क पाचचे दोन टक्के केलं तेव्हा नोंदणीला रांगा लागल्या, यावरून समजा कोणाच्या हातात काय आहे.

आमच्या वाडीचा पुनर्विकासही असाच. उपकरप्राप्त, म्हणजे तो दुरुस्ती उपकर भरणारी इमारत, म्हणून एरवीच्या १.३३ ऐवजी ३ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम. जुन्या भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट मालकीचं, फुकट. जे पोस्टमन साडेचार लाख देत होते त्यांची तळमजल्याची खोली होतीच. त्यांच्या मुलाला आज बाराव्या मजल्यावर घर आहे. देखभालीचा खर्च झेपत नाही म्हणून तोही विकायच्या बेतात आहे, ते सोडा.

गेल्या वर्षी गणपतीत मी गेले होते. गेटवर वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं. मुलगा जौनपूरकडचा, मराठी बरं बोलत होता. 'कोणाकडे?' म्हणाला. मला चटकन सांगता येईना. त्याला विचारलं, तू राहतोस कुठे? तर मीटर रूमच्या मागे, तिघं मिळून, पाळीपाळीने. वर बघितलं, संध्याकाळी साडेसातला अर्ध्या खिडक्या काळ्या. मी दादाला फोन करून सांगितलं, की बाबा रे, तुझा लोंढा मीटर रूमच्या मागे सापडला, तीन माणसांचा. त्याने फोन ठेवला.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या.

एक, लोकसंख्येचा संबंधच नाही असं मी म्हणत नाही. दिवा-मुंब्रा-कळव्याला, नालासोपाऱ्याला जे होतं ते डोक्यांमुळे होतं. गाडीत चढताना मलाही लोंढा दिसतो. माझं म्हणणं एवढंच, की भाव ठरतो तो जमीन कोणी अडवली त्याने.

दोन, पोस्टमन माझ्याकडेही आले होते, बँकेत. विचारायला, की उरलेल्या अडीच लाखांचं कर्ज होईल का. मी नाही म्हणाले. पागडीच्या खोलीवर बँक कर्ज देत नाही, तारण ठेवायला मालकीच नसते. नियमच तो. पगारदार माणसाकडे रोख नाही आणि कर्ज मिळत नाही, म्हणजे पागडीच्या बाजारात जिंकणार तो रोखीवाला, हे मला तेव्हाच कळत होतं. दादाला मी हे कधी बोलले नाही. भांडणात माझी बाजू पडली असती.

तीन, टिटवाळ्याला माझ्या नावाने एक फ्लॅट आहे. २०११ मध्ये घेतला, फंडाचे पैसे आले होते आणि सगळेच घेत होते. बंद आहे. मुलगी म्हणते भाड्याने दे. मी देत नाही, भाडेकरू निघाला नाही तर? ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं मुंबईत बंद असल्याचं आर्थिक पाहणी अहवालात आलं होतं, तेव्हा मी दादाला कात्रण दाखवून फार बोलले होते. माझं त्यात धरलेलं नाही, कारण टिटवाळा मुंबईत येत नाही. अकरा महिन्यांच्या करारात आता माणूस निघतो हे मला माहीत आहे. मी बँकेतली आहे, मला सगळे कायदे माहीत आहेत. तरी पाय उचलत नाही. तेवीस रुपयांच्या पावतीवर पन्नास वर्षं काढलेल्या घरातली मी, मला भाडेकरूची भीती वाटते.

तुमचं राहिलं. घ्या की भाड्याने राहा? दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशात हप्ता बसत असेल आणि दहा वर्षं नोकरीची जागा बदलणार नसेल तर घ्या, ठाण्यापलीकडे घ्या, महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासून घ्या, आणि चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा विचारा, जिना-लॉबी मिळवून फुगवलेले सुपर बिल्टअपचे आकडे ऐकू नका. नाहीतर भाड्याने राहा, त्यात कमीपणा काही नाही. दोघांच्या नावे घ्या मात्र. बायकोचं नाव पहिलं घातलंत तर काही बिघडत नाही. महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण ती फक्त महिलांच्याच नावे असेल तर, तेवढं बघून घ्या.

आणि दादा, तू हे वाचशीलच, सून तुला दाखवेल. बाबा गेले तेव्हा त्या खोलीत तू एकटाच राहत नव्हतास. आईही राहत होती. पावती तिच्या नावाने होऊ शकली असती आणि मग तिच्या हयातीत खोली विकली गेली नसती. मेहताजींनी दारात उभं राहून विचारलं होतं, 'बाईंच्या नावे करू?' मी तेराव्याला आले होते, चहा मीच ठेवला होता, ऐकलं मी. तू म्हणालास, तिला कुठे सही येते. आई सातवी शिकलेली होती. त्या स्टॅम्प पेपरवर आम्हा तिघींच्या सह्या आहेत, माझ्याकडे झेरॉक्स आहे. तिची सगळ्यात सुवाच्य आहे.